मोरीवरच्या चाकाचा फोटो

त्या वर्षी आषाढात पाऊस आला तो मुक्कामालाच. जवळजवळ महिना होत आला, ऊन म्हणून पडलं नव्हतं. भिंतींना बुरशी आली, मिठाच्या बरणीत पाणी सुटलं, आणि चौकच्या प्राचीच्या बुटांना आठवड्यापूर्वीच्या वर्तमानपत्राचा वास यायला लागला. रात्री बुटांत कागदाचे बोळे कोंबायचे, बूट चुलीच्या उबेला ठेवायचे. सकाळी बोळे काढून पायांत मोजे, मोज्यांवर दुधाच्या पिशव्या आणि त्यावर बूट. एवढा खटाटोप करून तिसऱ्या किलोमीटरला पाय भिजायचे ते भिजायचेच, पण पहिले दोन तरी सुखाचे जात.

"इरलं घे डोक्यावर, इरलं," सासूबाई येसूबाई चुलीपुढून म्हणायच्या. "आमी भिजलो ते लावणीला. तू कशापायी भिजतीस गं?"

"सराव हाय, आई."

"कसला, भिजायचा? त्यो झाला की आता."

प्राची हसून बाहेर पडायची. येसूबाई बोलायच्या तेवढ्या बोलायच्या, पण बूट चुलीपाशी त्याच ठेवायच्या, हे प्राचीला ठाऊक होतं.

सराव होता हरिहरेश्वरचा. सप्टेंबरात चार जणांनी मिळून कर्जतहून हरिहरेश्वरला सायकलने जायचं होतं, एका दमात. चारांपैकी तीन नावं ठरली होती, एक जागा शिल्लक होती, आणि ती कुणाला द्यायची हे गंधार सरांच्या हातात होतं. सर कर्जतचे. फिजिक्सचा क्लास घेत, आणि सायकलचा ग्रुपही त्यांनीच काढलेला. दहावीत प्राची त्यांच्या क्लासला होती. पुढे बारावी झाली, लग्न झालं, दोन पोरं झाली, चौकच्या मेडिकलच्या दुकानात ती काउंटरवर उभी राहायला लागली. आतापर्यंत तिला कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. शाळेत कबड्डीला चार वर्षं राखीव खेळाडू होती, मैदानात एकदाही उतरली नाही. फक्त सर एकदा फळ्यापुढे उभे राहून म्हणाले होते, "प्राची, तुझ्यात दम आहे." हे वाक्य तिने वीस वर्षं जपून ठेवलं होतं. म्हणून सरांनी जूनमध्ये जाहीर केलं, "गणपतीच्या आधी जो मला सकाळी मोरीवर गाठेल, चौथी जागा त्याची," तेव्हा ती जागा आपलीच, असं तिने मनाशी पक्कं केलं.

ही मोरी, म्हणजे ओहोळावरचा छोटा पूल, कर्जत-चौक रस्त्यावर, चौकपासून सहा किलोमीटरवर, प्राचीच्या माहेरच्या भातशेताला लागून. ग्रुपची रीत सोपी होती. जो आधी पोचेल त्याने आपलं पुढचं चाक मोरीच्या कठड्याला टेकवायचं, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. एक माणूस पावसात आपल्यासाठी उभा आहे म्हटल्यावर अंथरुणात लोळायला लाज वाटते, असा सरांचा हिशेब. "पाऊस हे कारण होऊ शकत नाही," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य.

ग्रुपात सात जण होते. पावसाने पहिल्याच आठवड्यात पाच जणांना कारण पुरवलं. कुणाचा गुडघा, कुणाचं ऑफिस, कुणाची सर्दी. उरले सर आणि प्राची.

सकाळी सहाच्या ठोक्याला फोटो यायचा. चाक, कठडा, मागे पाण्याने भरलेलं शेत. खाली लिहिलेलं असायचं, "पोचलो. पंधरा मिनिटं थांबतो." प्राचीला सहाच्या आधी निघता यायचं नाही. नवरा कमलेश रसायनीच्या कंपनीत पहिल्या पाळीला, पाच पंचावन्नला त्याची बस, त्याचा डबा झाल्याशिवाय ती मोकळी नसायची. फोटो बघितला की ती सायकलवर टांग मारायची आणि सुसाट सुटायची. पहिल्या दिवसांत तिला पंचवीस मिनिटं लागली. मोरीवर कुणी नाही. दुधाच्या पिशवीतून फोन काढला की सरांचा मेसेज: "निघालो. अंग गार पडतं. कळंबकडे जातोय, जमलं तर गाठ."

ती गाठायला निघायची. कर्जतच्या चारफाट्यापर्यंत दातओठ खाऊन पायडल मारायची. खड्डे पाण्याने भरलेले, कोणता किती खोल याचा पत्ता नाही. टेंपोवाले जाता जाता अंगावर चिखलाची आंघोळ घालत. ब्रेकचे रबर वाळू लागून करवतीसारखे ओरडायचे. दोन आठवड्यांत तिने ते दोनदा बदलले. चारफाट्यावर सर कधीच दिसायचे नाहीत. मग ती ओल्या बोटांनी मेसेज लिहायची, "सॉरी सर, आज पण उशीर झाला." आणि उत्तर यायचं, "हरकत नाही. उद्या लवकर निघ."

एकदा तिने त्यांना विचारलंही, तुमच्या राइडचा नकाशा ॲपवर का दिसत नाही? सर म्हणाले, "ॲप बंद केलंय मी. आकड्यांच्या मागे लागलं की सायकलिंगचा आनंद जातो." केवढा मोठा माणूस, असं वाटून प्राचीने त्या रात्री स्वतःचंही ॲप काढून टाकलं.

पंचवीसची वीस मिनिटं झाली, वीसची सोळा. एके दिवशी ती सहा चौदाला मोरीवर पोचली. छाती फुटायची वेळ आलेली, पण घड्याळात सहा चौदा! आणि मोरी रिकामी. "आज जरा आधीच निघालो, कणकण वाटत होती," असा मेसेज. तेव्हाही बाईला शंका आली नाही. उलट आजारी माणसाला आपल्यापायी दहा मिनिटं भिजावं लागलं म्हणून तिलाच अपराधी वाटलं. आता याला काय म्हणायचं? भोळेपणा म्हणा. सरांवर तिचा विश्वास होता आणि तो तिने तपासून बघितला नव्हता, एवढंच.

गजा तिचा धाकटा भाऊ. यंदा माणसं मिळाली नाहीत म्हणून त्याची लावणी लांबली होती. मोरीलगतचं शेत अखेर एका रविवारी लागलं. रविवारी ग्रुपला सुट्टी, म्हणून प्राचीही गेली. दिवसभर गुडघाभर चिखलात, लावणीला आलेल्या सोनुबाईच्या शेजारी ओळ धरून तिने रोपं लावली. कोपऱ्यातला राब, म्हणजे रोपं वाढवली होती तो दाट हिरवा तुकडा, दुपारपर्यंत उपटून साफ झाला, आणि संध्याकाळी सगळं शेत ओळींनी भरलं. मोरीच्या अगदी जवळच्या चार ओळी प्राचीच्या हातच्या. त्या वाकड्या गेल्या म्हणून सोनुबाईने तिला सगळ्यांदेखत चिडवलं होतं, "सायकल चालवल्यावानी लावतीस गं पोरी."

सोमवारी सकाळी कंबर धरली होती. कमलेश गेला. प्राचीने एक पाय बुटात घातला आणि फोन वाजला. चाक, कठडा, मागे शेत. "पोचलो. पंधरा मिनिटं थांबतो."

ती दुसरा बूट घालणार, तर हात थांबला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. चाकाच्या मागे नुसतं गढूळ पाणी होतं. एक रोप नाही. आणि कोपऱ्यात राब उभा, हिरवागार, जसाच्या तसा.

"काय झालं गं?" येसूबाईंनी विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. पण काल ज्या रोपांनी कंबर मोडली, ती या फोटोत अजून लावलीच नव्हती.

तरी ती निघाली. आपलंच काहीतरी चुकत असेल, दुसऱ्या बाजूचं शेत असेल, असं सहा किलोमीटर स्वतःला समजावत गेली. मोरीवर कुणी नव्हतं. कठड्याच्या मागे तिच्या चार वाकड्या ओळी पावसात उभ्या होत्या. पलीकडे गजा डोक्यावर प्लास्टिक घेऊन बांधाचं भोक बुजवत होता.

"गजा, इथं सकाळी कोन सायकलवाला थांबतो का रं?"

"थांबते की. एक बाई," गजा हसला. "धापा टाकीत येते, फोन बघते नि पळते."

"मस्करी नको. दुसरा कोन?"

गजाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू आवरलं. "एक चष्मेवाला यायचा, पाऊस लागला तवा. चारपाच दिस आला. ह्या कठड्याशी चाक टेकून लय फोटो काडले त्यानं, हिकडून एक, तिकडून एक. मंग नाय आला. का गं ताई?"

तिने उत्तर द्यायच्या आधी पिशवीतला फोन वाजला. सहा वाजून वीस मिनिटं. "निघालो. अंग गार पडतं. जमलं तर गाठ."

मोरीवर उभं राहूनच तिने तो मेसेज वाचला. रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि त्याच्या मागोमाग अशी शरम की अंगावरचा पाऊस कोमट वाटायला लागला. रोज ती एका अंथरुणातल्या माणसाचा पाठलाग करत होती.

"आज गाठतेच," ती म्हणाली आणि कर्जतकडे सुटली.

सरांचं घर दहिवलीला, क्लासच्या वरच्या मजल्यावर. दार त्यांच्या बायकोने, तेजश्रीने उघडलं. "अगं प्राची! एवढ्या पावसात? ये ना. हे आत्ताच उठलेत, चहा घेतायत."

बैठकीच्या खोलीतून गॅलरी दिसत होती. गॅलरीत सरांची भारी सायकल उभी. हँडलवर दोन उशांचे अभ्रे वाळत घातलेले, सीटवर टॉवेल, पायडलला अडकवलेले मोजे. ब्रेकचे रबर कोरे करकरीत.

सर कप घेऊन बाहेर आले. तिला बघून थबकले, मग तिची नजर सायकलवर आहे हे बघून खुर्चीत बसले. तेजश्री एकदा सरांकडे, एकदा प्राचीकडे बघून स्वयंपाकघरात गेली.

"शेत लागलं काल," प्राची म्हणाली. तिच्या कपड्यांतून फरशीवर पाणी ठिबकत होतं. "तुमच्या फोटोत अजून लागायचंय."

सरांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते चक्क हसले. "कमाल आहे. हे माझ्या लक्षातच आलं नाही." आणि मग वर्गात समजावत तसे समजावायला लागले. "हे बघ, पहिल्या आठवड्यात मी घसरलो. ओल्या रस्त्याची धास्तीच बसली. पण ग्रुप मोडला असता ना. तुला बाहेर काढायला कुणीतरी तिथे उभं असायला हवं होतं. त्याला फसवणूक नको म्हणू. मला सांग, आधी मोरीपर्यंत किती मिनिटं लागायची?"

"पंचवीस."

"आणि आता?"

"चौदा."

"मग! मी खरोखर थांबलो असतो तर ही चौदा झाली असती? नुकसान काय झालं तुझं?"

आकडे खरे होते. पायांत बळ आलं होतं, तेही खरं. नुकसान कुठे झालं ते प्राचीला दाखवता येईना, आणि दुखत तर होतं. सरांसमोर ती नेहमी शब्द सांभाळून, शाळेतलं बोलायची. त्या दिवशी ते सगळं गळून पडलं.

"सर, मी रोज तुमची माफी मागत व्हते," ती म्हणाली. "भिजल्या हातांनी लिवत व्हते, उशीर झाला म्हणून. नि तुमी हितं गादीवर लोळून मला माफ करत व्हता. रोज. एक दिवस बी तुमाला वाटलं नाय, की हिला म्हनावं, बाई, तू चुकली नायस?"

सरांनी कप खाली ठेवला. उठून गॅलरीत गेले, हँडलवरचे अभ्रे काढले, घडी घातली आणि परत जागच्या जागी ठेवले. मग पाठमोरेच म्हणाले, "ग्रुपवर काही लिहू नकोस. मुलं क्लासला येतात, पालक आहेत ग्रुपात. आणि चौथी जागा तुझीच, असं समज. आजच नाव टाकतो."

हेच शब्द ऐकण्यासाठी तिने महिनाभर पाऊस खाल्ला होता. आता ते ऐकले आणि तिला काहीच वाटलं नाही. उष्टं ताट पुढे सरकवावं तसे ते तिच्यापुढे आले होते.

"नको," ती म्हणाली. "नाव टाकू नका. मी कुनाला सांगनार बी नाय. पन उद्या सहाला फोटो टाकू नका, सर. माज्या हातची रोपं हायेत तिथं."

तेजश्री चहाचा दुसरा कप घेऊन आली तेव्हा प्राची जिन्याच्या खाली पोचली होती.

परतीचे मोरीपर्यंतचे आठ किलोमीटर ती सावकाश चालवत आली. घाई करायला आता पुढे कुणी नव्हतं. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला रस्त्याकडेचे ओहोळ दिसले, भरून वाहणारे. फळ्यापुढचं ते जुनं वाक्य तिने आठवून बघितलं, तर तेही आता तिला खरं वाटेना. सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटलं. मोरीच्या अलीकडे तिला हुंदका आला आणि ती थोडा वेळ मोकळेपणी रडली. तोंडावरून पाणी वाहतच होतं, कुणाला कळायचं कारण नव्हतं.

गजा बांधावर बसून भाकरी खात होता. तिला बघून त्याने हाक मारली, "भेटला का गं तुजा सर?"

"भेटला."

"लय पुढं गेलेला काय?"

प्राचीने सायकल कठड्याला टेकवली, बूट काढले आणि त्यातलं पाणी मोरीत ओतलं.

"नाय रं," ती म्हणाली. "मागंच व्हता. पयल्या दिसापासून."