केळीचा गुण

"भाऊ, तुम्ही रावेरचेच ना?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"जन्मापासून," केंद्रप्रमुख मोतीलालभाऊ म्हणाले. आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा हा माणूस नुकताच मोटारसायकलवरून उतरला होता आणि रुमालाने मानेवरची धूळ पुशीत होता.

"मग सांगा, केळी कशाच्या हिशोबाने विकतात?"

"क्विंटलच्या. दुसऱ्या कशाच्या विकणार?"

"बसा खाली. नापास झालात!"

मोतीलालभाऊ खुर्चीत बसले ते हसतच. पण मंजुळाबाई हसत नव्हत्या. त्यांनी चौथीच्या पेपरांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. एकतीस पेपर, एकतीस पोरं, आणि चौदाव्या प्रश्नाची रिकामी जागा एकतीसही जणांनी एकाच शब्दाने भरलेली. केळी 'क्विंटलच्या' हिशोबाने विकतात. वरून छापून आलेल्या उत्तरसूचीत लिहिलं होतं, 'डझनाच्या'.

आता रावेरच्या अंगणातल्या पोराला डझन काय ठाऊक? त्याने केळी पाहिली ती घडाने, मोजली ती ट्रकने, आणि भाव ऐकला तो क्विंटलचा. घरी खायचं तर पिकलेल्या घडाचं हाताला येईल ते तोडायचं. बारा मोजून कोण खातं? पण उत्तरसूची करणारा माणूस कुठल्या तरी शहरात पंख्याखाली बसला असणार, आणि त्याची बायको हातगाडीवरून डझनभर केळी घासाघीस करून घेत असणार. त्याचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. त्याच्या गल्लीत ते बरोबरच होतं.

सन शहाण्णव-सत्त्याण्णवचं ते वर्ष. चाचण्यांचं नुसतं पीक आलं होतं. घटक चाचणी झाली की तोंडी, तोंडी झाली की सत्र परीक्षा, आणि या सगळ्यांवर ही क्षमता चाचणी, सगळ्या शाळांना एकच पेपर. प्रत्येक पोराच्या नावापुढे चौकटी, प्रत्येक चौकटीत बरोबरची नाहीतर चुकीची खूण. शिकवायला वार उरला नव्हता. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मोती वरून आलेला, काढून कोण ठेवणार?

"उत्तर बरोबर आहे की नाही ते सांगा," मंजुळाबाई म्हणाल्या.

"बाई, उत्तर बरोबर आहे. पण उत्तरसूचीत नाही."

"मग मी गुण देऊ की नको?"

मोतीलालभाऊंनी डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता. "किती कमी पडतात?"

"एक."

तो एक म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. मंजुळाबाईंचे यजमान अभिमनराव धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या कडेला, अशाच एका शाळेत मास्तर होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं दोघं दोन जिल्ह्यांत. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली होत होती, पण जिल्ह्याबाहेर जायचं म्हणजे देव भेटण्यापैकी काम. अर्ज करकरून बोटं झिजली. मूलबाळ नव्हतं. "व्हायला सवड कुठे मिळाली?" असं अभिमनराव चारचौघांत हसून सांगत, आणि मंजुळाबाई तेव्हा पदर नीट करण्याच्या निमित्ताने खाली बघत.

आणि यंदा मोतीलालभाऊंनीच बातमी आणली होती. ज्यांचा वर्ग चाचणीत उतरेल, म्हणजे शंभरातल्या ऐंशी पोरांना पंचवीसपैकी वीस तरी गुण मिळतील, त्यांचा अर्ज शिफारशीसकट वर जाणार. धुळ्याला जागा होती. बाईंच्या वर्गाला पंचवीस पोरं हवी होती. चोवीस पार झाली होती, सहा फारच मागे होती, आणि एकटी प्रमिला एकोणिसावर अडकली होती.

ही प्रमिला म्हणजे केळी कापणाऱ्या जीवरामची मुलगी. दिवाळीपर्यंत तिला जोडाक्षर वाचता येत नव्हतं. बाईंनी तिला रोज सुट्टीत पायरीवर बसवून वाचायला शिकवलं. तिचे एकोणीस म्हणजे दुसऱ्याचे पंचवीस, पण असली चौकट त्या तक्त्यात नव्हती.

"पेन्सिलीने लिहिलंय ना पोरीने?" मोतीलालभाऊ उठले. "तिला बोलवा. एकदा पुन्हा विचार कर म्हणा. मी तोवर चहा घेऊन येतो." दारात थांबून ते म्हणाले, "बाई, तुमच्याइतकं कुणी थांबलेलं नाही. तक्ता सोमवारी द्या."

बाईंनी प्रमिलाला हाक मारली. ती लंगडी खेळता खेळता धापा टाकीत आली.

"प्रमिला, केळी कशाच्या हिशोबाने विकतात ग?"

"क्विंटलच्या बाई! आज भाव पडला, मह्या बाबा सांगत व्हता. दोन ट्रक उभेच राहिले." आणि मग बाईंचा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "काऊन बाई? चुकलं का मह्यं?"

मंजुळाबाईंच्या ओठावर 'हो' आला होता. खोटं कशाला सांगा, अगदी दातांपर्यंत आला होता. "नाही," त्या म्हणाल्या. "जा, खेळ." आणि तिचा पेपर त्यांनी गठ्ठ्यात न ठेवता वेगळा, पर्सच्या कप्प्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा सुटली की मंजुळाबाई भुसावळची गाडी धरत, तिथून धुळ्याची एसटी, आणि वाटेत पारोळ्याला उतरत. दोघांनाही सारखाच त्रास पडावा म्हणून नवराबायकोने पारोळ्यात एक खोली घेतली होती, जिथे दोघांपैकी कुणाचीच शाळा नव्हती, नातेवाईक नव्हते, काही नव्हतं. घरमालकीण द्रौपदाबाई त्यांना 'शनिवारवाले' म्हणायची. नवीन शेजारणीला तर आधी वाटलं होतं की यांचं काहीतरी भानगडीचं असावं!

पेपरांचा गठ्ठा आणि तक्ता असलेली पिशवी मांडीवर घेऊन, गाडीत खिडकीशी बसून मंजुळाबाई नेहमीचंच मागणं मनात घोळवत होत्या. त्यांना काही फार नको होतं. त्यांना नवऱ्याबरोबर एक मंगळवार हवा होता. शाळेचा मंगळवार. दोघं दमून घरी आलेत, भाजी कुणी आणायची यावरून कुरबूर झालीय, अभिमनराव रागाने वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलेत, असा. शनिवार-रविवारी भांडायला वेळच नसे. अकरा वर्षांत ती दोघं धड एकदाही भांडली नव्हती, आणि लोक म्हणत, काय जोडा आहे! मे महिन्यात आणि दिवाळीत मिळे थोडं एकत्र राहायला, पण ते पाहुण्यासारखं. सुट्टीचा नवरा निराळा आणि रोजचा नवरा निराळा. तो रोजचा त्यांना बघायचा होता. वय एक्केचाळीस झालं होतं, आणि रात्री पाय दुखले तर 'दुखतात हो' म्हणायला भिंत होती फक्त.

अभिमनराव आधीच पोचले होते. स्टोव्हवर आधण ठेवून ते दाराकडे बघत उभे होते.

"उशीर केलास."

"भुसावळला गाडी लेट. तुमचा पेपर कसा गेला?"

"माझा? माझे सदतीस टक्के!" अभिमनराव म्हणाले, जसा काही कुणी हार घातला. "मी कधीच यादीत नव्हतो. तुझं सांग."

"आधी तुमचा चौदावा प्रश्न सांगा. पोरांनी काय लिहिलं?"

"केळीचा?" अभिमनराव चहा गाळता गाळता थांबले. "नग."

"काय?"

"नग. केळी नगाच्या हिशोबाने विकतात. बठ्ठासनी, सगळ्यांनी तेच लिखं. आमच्या पोरांना बाजाराच्या दिवशी आई एक केळं घेऊन देते, तेही भावंडात अर्धं अर्धं. एका पोराने तर 'अर्ध्याच्या' असंच लिहिलंय."

मंजुळाबाईंनी आपली एकतीस पोरं सांगितली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग असं हसू फुटलं की बस! इकडे क्विंटल, तिकडे नग, आणि मधला डझन कुणाच्याच घरात नाही. अभिमनरावांच्या हातातला चहा सांडला. मंजुळाबाई हसत हसत खाली बसल्या आणि बसल्या बसल्या रडायला लागल्या.

"अगं, अगं. काय झालं?"

त्यांनी पर्समधून प्रमिलाचा पेपर काढला आणि एका गुणाची गोष्ट सांगितली.

अभिमनरावांनी पेपर उजेडाशी धरला. ते शिस्तीचे मास्तर. पोराला अर्धा गुणसुद्धा उगाच देत नसत, सदतीस टक्के त्यामुळेच. पण त्यांनी शर्टाच्या खिशातून खोडरबर काढला, पेपर पत्र्याच्या पेटीवर ठेवला आणि हलक्या हाताने 'क्विंटल' पुसून टाकला. कागद फाटू नये म्हणून फुंकर घातली. "लिही," ते म्हणाले. "पोरांचं अक्षर तुला चांगलं काढता येतं."

"तुम्ही सांगता हे?"

"मी सांगतो. अकरा वर्षं दोन चुली पेटवतोय आपण मंजुळा. मले बी घर पाहिजे. सोमवारी सकाळी उठलो की तू दिसली पाहिजे." त्यांनी पेपर तिच्याकडे सरकवला. "एक शब्द तर आहे. कुणाचं काय जातंय?"

मंजुळाबाईंनी पेन्सिल घेतली. प्रमिलासारखा जाडसर, थोडा डावीकडे कललेला 'ड' काढला. हुबेहूब आला. हात थांबला तो त्यानंतर.

"पेपर मंगळवारी पोरांना परत द्यायचे असतात हो."

"मग?"

"ती बघेल ना. आपण लिहिलेलं पुसून बाईंनी डझन लिहिलं, हे तिला दिसेल."

"बघू दे. लहान पोर आहे. बोलणार थोडीच कुणाला?"

"तेच तर. ती बोलणार नाही, भांडणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवेल." मंजुळाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "दिवाळीपासून मी जे सांगितलं ते तिने खरं मानलं. म्हणूनच वाचायला लागली. आता माझ्या एका शब्दाखातर घरी जाऊन बापाला म्हणेल, बाबा, तुला काही कळत नाही. आणि तो बिचारा जन्मभर घड कापतोय."

बाहेर द्रौपदाबाईंची शेळी ओरडत होती. अभिमनराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. मंजुळाबाईंना वाटलं, हे आता रागावतील, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते हवंही होतं. एकदा भांडून मोकळं तरी झालं असतं.

अभिमनराव वळले. खोडरबर त्यांनीच उचलला आणि तो 'ड' पुसला.

"क्विंटलच्या क्विला पहिली वेलांटी दे," ते म्हणाले. "ऱ्हस्व. पोरीने बरोबर लिहिला होता."

मंजुळाबाईंनी लिहिला. मग लाल पेनने त्यापुढे उत्तरसूचीप्रमाणे शून्य टाकलं, कारण तक्ता खोटा भरणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. आणि शून्याच्या शेजारी समासात लिहिलं, 'प्रमिला, तुझं उत्तर बरोबर आहे.' खाली सही केली. तक्त्यात चोवीस लिहिले. हातातोंडाशी आलेला घास असा आपल्याच हाताने खाली ठेवून त्यांनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. रात्री दोघं जेवली. भात थोडा करपला होता, त्यावरूनही भांडण झालं नाही.

रविवारी दुपारी निघायच्या वेळी द्रौपदाबाई दारात आली.

"बाई, तुमी मांगे बोलनात, बदली व्हयनी का खोली सोडसूत. मन्हा भाचा खोली धुंडी ऱ्हायना. मंग काय ठरनं?"

मंजुळाबाई नुसत्या पिशवीचा बंद बांधत राहिल्या.

"नही अक्का," अभिमनराव म्हणाले. "आम्ही आठेच ऱ्हासूत, या खोलीत." मग थोडं थांबून, "तुमच्याकडे हातोडी शे का?"

अकरा वर्षांत त्या खोलीच्या भिंतीत त्यांनी एक खिळा मारला नव्हता. आज ना उद्या जायचंच आहे, कशाला दुसऱ्याची भिंत खराब करा, म्हणून पिशवी दाराच्या कडीला आणि शर्ट खिडकीच्या गजाला. अभिमनरावांनी पहिला खिळा ठोकला तो वाकला. दुसरा बसला. चुन्याचा पोपडा खाली पडला, तो मंजुळाबाईंनी केरसुणीने गोळा केला.

"बघ, हलतोय का," अभिमनराव म्हणाले.

त्यांनी खिळा धरून ओढून पाहिला. हलत नव्हता. मग त्यांनी पिशवी उघडली. घरात नेसायची सुती साडी त्या दर शनिवारी येताना आणत आणि दर रविवारी परत नेत. ती त्यांनी काढली, घडी मोडून झटकली आणि खिळ्यावर अडकवली. गाडीची वेळ झाली होती. पिशवीत आता फक्त पेपर उरले होते.