एका नंबरवर तीस लेकरं

मी एक जुना फळा आहे, पण खडू मला कधी लागला नाही. मी इंटरनेटवर राहतो. बीडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची कामं माझ्यावर कार्डांच्या रूपात लावलेली असतात. माझे तीन रकाने : 'बाकी', 'चालू' आणि 'झाले'. ज्याचं काम त्याने आपलं कार्ड पुढे सरकवायचं, आणि ते कुठूनही सगळ्यांना दिसायचं. मित्रांनो, ऐकायला छान वाटतं ना? मला मात्र त्या तिसऱ्या रकान्याची चीड येते. तिथे निम्मं खोटं साठलंय.

नवा होतो तेव्हा कंपनीचे प्रमुख तानाजी सर मला पाहुण्यांना दाखवायचे. "आपलं काम आरशासारखं," म्हणायचे. पुढे कौतुक सरलं आणि माझ्यावर नुसती भांडणं होऊ लागली.

गेल्या वर्षी एक काम आलं. ऊसतोडीला जाणाऱ्या आयांना लेकराच्या लशीची तारीख फोनवर कळवणारं ॲप. उज्ज्वलाताई ते तपासत होत्या, शिरूर कासारला घरी बसून, तान्ही मुलगी मांडीवर घेऊन. त्यांनी माझ्यावर एक लाल कार्ड लावलं : 'टोळीतल्या बायका स्वतःचा नंबर देत नाहीत, मुकादमाचा देतात. एका नंबरवर तीस लेकरं येतात. ॲप एक ठेवतं, एकोणतीस पुसतं.'

ऑफिसातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. एक नंबर म्हणजे एक घर, असंच सगळे धरून चालले होते.

सरांनी कार्डाखाली लिहिलं, "ताई, तुमी लई शंका काढता." आणि कार्ड 'झाले'मध्ये ढकललं. ताईंनी मागे ओढलं. ॲप लिहिणाऱ्या हरिओमने पुन्हा ढकललं, वर टोमणा मारला, "लेकरू रडलं की ताईंना चूक दिसती."

"हरिओमभाऊ," ताईंनी लिहिलं, "रडणारं लेकरू कळतं तरी. पुसलेलं रडत पण न्हाई."

आठ वेळा ते कार्ड माझ्या अंगावरून फरफटलं. शेवटी ते 'झाले'मध्येच राहिलं.

दसऱ्याच्या आधी आप्पा आले. काम देणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष. सोबत शिरूरकडच्या आरोग्यसेविका सत्यभामाबाई होत्या. सरांनी मला भिंतीवर मोठं करून दाखवलं.

"बघा आप्पा, एक काम शिल्लक न्हाई. उद्यापासून चालू करू."

तेवढ्यात लाल कार्ड हललं. सगळ्यांसमोर ते 'झाले'मधून निघालं आणि 'बाकी'त जाऊन बसलं. खाली नाव उमटलं : उज्ज्वला.

"ढकल ना बे तिकडं!" सर हरिओमवर खेकसले. त्याने ढकललं. ते परत आलं.

आप्पा हसले. "तानाजीराव, तुमचं झालेलं काम लई पळतंय की! वाचा तरी काय हाय."

सत्यभामाबाई उठून भिंतीजवळ गेल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. एकोणतीसपाशी थांबल्या.

"आमच्या वाडीतल्या साऱ्या बायांनी त्रिंबक मुकादमाचाच नंबर दिलाय. दिवाळी झाली की टोळी जाती. मग कुठं हुडकू मी ती लेकरं? काहून लपवलं हो, सर?"

आप्पांचं हसू मावळलं होतं.

आठ दिवसांत चूक दुरुस्त झाली. सत्यभामाबाईंनी त्या एका नंबरवर तीस नावं स्वतः भरली, तीसच्या तीस टिकली, तेव्हा कुठे ताईंनी कार्ड 'झाले'मध्ये नेलं. महिनाअखेर सरांनी ताईंचं नाव माझ्यावरून काढून टाकलं. कारण लिहिलं : 'जमवून घेत नाहीत.'

मित्रांनो, मला जपा, असं मी विनवणार नाही. माझ्यावर धूळ बसत नाही, मला गंजही चढत नाही. मला सडवतं ते न वाचता पुढे ढकलणं. कुणी, कधी, काय ढकललं, ते सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे.

काल सत्यभामाबाईंची नवी तक्रार आली : 'एका टोळीने मुकादम बदलला. तारखा जुन्याच्याच फोनवर जातायत. नंबर बदलायची सोय द्या.' हरिओमने ती न उघडताच 'झाले'मध्ये टाकली. त्या टोळीतल्या दोन लेकरांची लस सोमवारी आहे.

तुमच्यापैकी उद्या कुणी माझ्यासमोर बसलंच, तर आधी ते कार्ड मागे ओढा. माझं कौतुक मग करा.