सत्त्याण्णव टक्के बचतीचं धाबं

साहेब लोकांना अक्कल नसते, असं तानुबाईचं मत नव्हतं. असते, पण कचेरीत शिरताना दाराशी काढून ठेवावी लागते आणि जाताना चपलांच्या गर्दीत सापडत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

एक्क्याण्णव सालच्या मार्चात तिच्या घरी नोटीस आली. धुळ्याच्या जुन्या गल्लीतलं घर, हातभर जाड मातीच्या भिंती, वर धाबं. म्हणजे लाकडांवर पळाट्या, कापसाच्या वाळलेल्या काड्या, अंथरून त्यावर खारी माती चोपलेलं सपाट छत. नोटीस म्हणत होती, छत कच्चं आहे, जूनच्या आत उतरवा आणि सिमेंटचा स्लॅब टाका. खाली शिक्का होता ‘नागरी छतसुधार व ऊर्जाबचत कक्ष’. दोन्ही खाती एकत्र होती, कारण टेबल एकच होतं.

तानुबाई नवऱ्याला, चुडामणला, घेऊन कक्षात गेली. नवी कोरी इमारत, वर स्लॅब, पश्चिमेला भिंतभर काच. चार पंखे आणि दोन कूलर गरगरत होते आणि त्यांच्या मधोमध दुसाने साहेब उकडलेल्या बटाट्यासारखे बसले होते.

“मावशी, स्लॅब म्हणजे प्रगती,” साहेब म्हणाले.

“मंग तुम्हले एवढा घाम कसाले येई राहिना?”

साहेबांनी तो प्रश्न रुमालानं पुसून टाकला. मग म्हणाले, एक वाट आहे. ऊर्जाबचत स्पर्धा. घराघरांत वीज वाचली की दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा कमी जळतो, हवेत कार्बन कमी जातो. पहिल्या नंबराचं छत ‘आदर्श’ ठरतं, त्याला कोणी हात लावत नाही.

“मग आम्हीच पहिले,” चुडामण म्हणाला. “आमच्याकडे दोन बल्ब. पंखासुद्धा नाही. महिन्याला चौदा युनिट.”

साहेबांनी लिहून घेतलं. “मागच्या महिन्यात चौदा, या महिन्यात चौदा. म्हणजे बचत शून्य. तुम्ही काहीच वाचवत नाही.”

“जाळतच नाही तर वाचवू काय?” तानुबाईनं विचारलं.

“तोच तर तुमचा दोष आहे,” साहेब समजुतीनं म्हणाले. “स्पर्धेत एप्रिलपेक्षा मे किती कमी, एवढंच बघतात.”

 घराच्या दारात आल्यावर तानुबाई म्हणाली, “एप्रिलमध्ये जाळू.”

मंडप-रोषणाईवाला हबीब शेजारीच राहायचा. अर्ध्या एप्रिलात त्याच्याकडून दोनशे वॅटचे सहा बल्ब आले आणि रात्रंदिवस पेटले. हबीबनं विचारलं, “भाभी, शादी किसकी?”

“धाब्यानी,” तानुबाई म्हणाली.

“बिजली बचा रहे हैं, हबीबभाई,” चुडामणनं खुलासा केला. हबीबनं मान डोलावली. त्याचाही कचेऱ्यांशी संबंध आलेला होता.

बाजूच्या घरचा कोंबडा आठ दिवस अखंड आरवला आणि मग कायमचा मुका झाला. एप्रिलचं रीडिंग चारशे सहासष्ट. एक मेला बल्ब हबीबकडे परत गेले. मेचं रीडिंग चौदा. बचत सत्त्याण्णव टक्के. जिल्ह्यात असं कुटुंब झालं नाही, असं दुसाने साहेबांनी भाषणात सांगितलं. नोटीस मागे घेतली. अट एकच, जूनचं रीडिंग वाढता कामा नये, आणि आदर्श छताची पाहणी होत राहील.

पाहणीला साहेब भर दुपारी आले. बाहेर पंचेचाळीस, आत एकतीस. थर्मामीटर बघता बघता त्यांचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी ते दोन कारकून घेऊन आले, तिसऱ्या दिवशी सतरंजी, चौथ्या दिवशी एक नवा गृहस्थ, जो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. पाहणीची वेळ एक ते पाच ठरली. तानुबाई ओसरीवर बसून आदर्श घोरणं ऐकायची. जमिनीला पाठ टेकली की मोठी-लहान सगळी पदं सारख्याच आवाजात घोरतात, हे तिला पहिल्यांदा कळलं.

जूनच्या दहा तारखेला हातगाडीवरून कक्षातलाच जास्तीचा, तिसरा कूलर आला.

“आदर्श घरात एवढी तरी सोय हवी,” कारकून म्हणाला आणि प्लग शोधू लागला.

कूलर लागला की रीडिंग वाढणार, रीडिंग वाढलं की धाबं गेलं. तानुबाईनं आधी मेन स्विच पाडला आणि लाईट गेली म्हणून सांगितलं. साहेब तसेच झोपले. मग ती दुसाने साहेबांच्या वरच्या मोठ्या साहेबांना गाठायला तडक कक्षात गेली.

तिथं एकही साहेब नव्हता. चारही पंखे, दोन्ही कूलर चालू होते. बाकावर धोतरातला एक माणूस हातात नोटीस धरून बसला होता. नाव लोटन, राहायचा मागच्याच गल्लीत.

“अक्का, साहेब कोठे शेतस?”

“मन्हा घरमा. झोपेल शेतस.” तानुबाईनं एकेक बटण बंद करत विचारलं, “मोठा साहेब?”

“त्याबी पाहणीले गयात, म्हणे.”

म्हणजे सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून झोपणारा तो नवा गृहस्थ मोठा साहेब होता. तानुबाई लोटनच्या शेजारी बसली.

“भाऊ, तुम्हनं धाबं थंडं शे का?”

“शे ना. तेच पाडाले सांगी राहिनात.”

“घरमा झोपाळा शे?”

“शे. कसाले?”

“उद्या साहेबले जेवाले बलावा. वरणबट्टी करा, वांग्याची भाजी करा, तूप हात सोडून वाढा. मंग झोपाळा दाखवा.”

“नोटीसनं काय?”

“जेवाच्या आधी त्यावर ‘रद्द’ लिखी सही मागा. मंग उठाडू नका.”

लोटननं नोटिशीची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली. “आनि अक्का, त्यासना तो कूलर?”

“कूलर नको,” तानुबाई म्हणाली. “पहिल्या दिवशीच सांगी देवा, लाईट गयी.”