तेजलचं दान

वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, दुसऱ्या महिन्यात तेजलने आपली सायकल शेजारच्या वेदिकाला देऊन टाकली. त्याआधी बारावीपासूनची पुस्तकं विहाराच्या अभ्यासिकेत गेली होती, रंगांची पेटी बालवर्गाला गेली होती. रविवारच्या वंदनेनंतर समितीच्या अध्यक्षांनी माइकवरून तिचं नाव घेतलं. एकोणीस वर्षांच्या मुलीने दान पारमिता आचरणात आणली, असं ते म्हणाले. सभागृहातल्या साठ-सत्तर माणसांनी तीनदा ‘साधु’ म्हटलं. तिची आई अंजली पहिल्या रांगेत बसली होती. तिनेही म्हटलं.

तेजल बरी होत होती, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. जूनमध्ये, एका संध्याकाळी मेथी निवडताना, ती म्हणाली होती की तिला जगावंसं वाटत नाही. आवाज नेहमीचाच होता. मेथीला माती फार आहे हे तिने ज्या आवाजात सांगितलं असतं, त्याच आवाजात. अंजलीने लगेच तिला थांबवलं. असं बोलू नये, असं मनात आणणंसुद्धा पाप, असं सांगून तिने विषय मिटवला. पुढचे दोन आठवडे ती कार्यालयातून दर तासाला घरी फोन करत राहिली.

आषाढी पौर्णिमेला ती तेजलला विहारात घेऊन गेली. कुणाचाही जीव घेणार नाही, हे पहिलं शील भन्तेंनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घ्यावं, अशी तिने विनंती केली. कारण सांगितलं नाही. भन्ते सुमेध हे भिक्खू त्या पावसाळ्यापुरते या विहारात राहायला आले होते. वस्तीतली माणसं त्यांना अजून नवीन होती. त्यांनी श्रद्धेचा भाग म्हणून तीनदा म्हणवून घेतलं. घरी येताना अंजलीने मुलीला सांगितलं की कुणाचाही म्हणजे स्वतःचाही, आणि आता शब्द दिलाय.

त्या दिवसापासून तेजल तसलं काही बोलली नाही. जेवायला लागली. भांडी घासायला लागली. वडील मनमाडला रेल्वेत होते, शनिवारी यायचे. त्यांच्या शर्टाची बटणं तिने न सांगता लावून दिली. आजी, म्हणजे अंजलीची आई यशोदाबाई, नांदगावला राहायची. तिने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पोरगी लय समजूतदार झाली गं.”

हेच वाक्य अंजलीने एकदा एका पोराबद्दल ऐकलं होतं, याच आवाजात. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

अश्विन तिचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा एकवीसचा होता. शेवटच्या आठवड्यात त्याने नांदगावच्या घराचं फाटक दुरुस्त केलं, आईच्या शिलाई मशीनला तेल घातलं, मनगटावरचं घड्याळ काढून अंजलीला दिलं. त्याच्याआधी कधीतरी तो तिला काही सांगायला आला होता. ‘ताई, एक बोलायचंय,’ एवढंच म्हणाला होता. तिची परीक्षा होती. ती उद्या बोलू म्हणाली. त्यानंतरचा तो आठवडा त्या घरातला सगळ्यात चांगला आठवडा होता. मग तो गेला. लोकांना अपघात सांगितला. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या निमंत्रणात ‘अपघाती निधन’ असंच छापलं जाई, आणि तेजललाही मामाचं तेवढंच माहीत होतं.

अलीकडे अश्विन अंजलीला घरात जाणवायचा. दिसायचा नाही. तेजल भांडी पुसून ठेवायची तेव्हा ताटांचा आवाज फार सावकाश यायचा, तशी सावकाश कामं तो करायचा. तेजल कधी हसली की ते हसू अंजलीला ओळखीचं वाटायचं, आणि ती पाठ फिरवून दुसऱ्या खोलीत जायची. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मागोमाग त्या अपघाताचं खरं काय तेही सांगावं लागलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

बुधवारी भोजनदानाची पाळी तिच्या घरची होती. तिने रजा घेतली. भन्ते साडेअकराला आले. बारानंतर ते जेवत नसत, म्हणून स्वयंपाक लवकर उरकला होता. तेजल वंदन करून आत गेली. भन्ते हात धुऊन चटईवर बसले आणि रविवारच्या दानाबद्दल विचारू लागले. अंजलीने कौतुकाने यादी सांगितली: सायकल, पुस्तकं, रंग. चांदीचे पैंजण कालच मावसबहीण राखीला दिले.

भन्तेंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिने स्वतःसाठी काय ठेवलंय?”

अंजली उठून आतल्या खोलीतलं तेजलचं कपाट उघडायला गेली. वरचा कप्पा रिकामा होता. मधला रिकामा होता. खालच्या कप्प्यात कॉलेजचे दोन ड्रेस घडी घालून ठेवले होते, आणि कागद पसरून तळ झाकला होता.

ती परत आली. तिने भन्तेंना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मेथीची संध्याकाळ, पौर्णिमेचं शील, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा अश्विनचंही, जसं घडलं तसं. आवाज खालीच ठेवला होता. मुलगी स्वयंपाकघरात होती.

“माझीही चूक आहे,” भन्ते म्हणाले. “मी कारण विचारलं नाही. आपण दोघांनी मिळून तिला गप्प केलं. तिने दुःख आहे एवढंच सांगितलं होतं. आपल्या धम्माची सुरुवात तिथूनच होते. दुःख आधी समजून घ्यायचं असतं, ताई.”

“मी काय करू?”

“जाऊन विचारा. सरळ शब्दांत. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, ते आधीच तिथे आहे. ती बोलेल तेव्हा समजावू नका. आणि आज तिला डॉक्टरकडे न्या. औषध लागतं तिथे औषधच लागतं. तोवर तिला एकटं सोडू नका. मी इथे बसतो.”

अंजलीने घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी होते. तिने पान वाढायला घेतलं तर त्यांनी हाताने नको म्हटलं.

तेजल ओट्यापाशी कोथिंबीर चिरत होती. अंजलीने सुरी तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली आणि खाली फरशीवर बसली. तेजलही बसली. अंजलीने विचारलं, “तुझ्या मनात मरायचं आहे का?”

तेजल म्हणाली, “मला वाटलं, तू कधी विचारणारच नाहीस.”

त्यानंतर ती बोलत राहिली. कारण एक नव्हतं. कॉलेज होतं, एक मैत्रीण होती जिने बोलणं सोडलं होतं, आणि पुष्कळसं असं होतं ज्याला तिच्याकडेही नाव नव्हतं. पौर्णिमेनंतर ते कमी झालं नव्हतं. दिवसातून कितीदा तरी मनात यायचं, आणि प्रत्येक वेळी आपण शील मोडलं असं वाटायचं. मग वाटायचं, एवढं मोडलंच आहे तर. दिवससुद्धा ठरवला होता. अंजलीला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. तिने मुलीचा पाय मांडीवर घेतला आणि धरून ठेवला.

“मामापण असाच होता का?” तेजलने विचारलं. मगाशी बाहेरच्या बोलण्यात मामाचं नाव तिच्या कानावर आलं होतं. अंजलीने हो म्हटलं. तो बोलायला आला होता आणि आपण उद्यावर ढकललं, हेही सांगितलं. तेजलच्या चेहऱ्यावर काय होतं ते अंजलीला कळलं नाही.

बाहेरून भन्तेंचा आवाज आला. ते आत आले नव्हते, दाराबाहेरच उभे होते. “तेजल, मनात आलेलं म्हणजे केलेलं नव्हे. तुझं काही मोडलेलं नाही. हे सांगायचं राहून गेलं होतं.”

साडेबारा वाजून गेले होते. त्या दिवशी भन्ते जेवले नाहीत. अंजली माफी मागायला लागली तर ते म्हणाले की रिक्षा बोलवा, डॉक्टरांची वेळ निघून जाईल. मनमाडला वडिलांना फोन त्यांनीच लावून दिला.

रिक्षा द्वारका नावाच्या गर्दीच्या चौकात अडकली. पुढे बस, मागे ट्रक, सगळे हॉर्न वाजवत होते. तेजलने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. ती झोपली आहे की डोळे मिटून बसली आहे, अंजलीला सांगता येत नव्हतं. ती तिचा श्वास ऐकायचा प्रयत्न करत होती आणि हॉर्नमध्ये तो ऐकू येत नव्हता. क्षणभर खांद्यावरचं वजन अश्विनचं वाटलं. तिने मुलीचं मनगट घट्ट धरलं. तेजल डोळे न उघडता म्हणाली, “आई, दुखतंय.”

रिक्षावाले हारुनभाई आरशातून बघत होते. पोरीला बरं नाही का, त्यांनी विचारलं. ताप म्हणायचं अंजलीच्या ओठांवर आलं होतं.

“तिला जगावंसं वाटत नाही,” ती म्हणाली. “दवाखान्यात नेतेय.”

हारुनभाईंनी मागे वळून तेजलकडे पाहिलं. मग मान बाहेर काढून शेजारच्या टेम्पोवाल्याला जरा मागे घे म्हणाले, आणि निघालेल्या फटीतून रिक्षा आत घातली.