थांबून विचारणारी ओळ

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, मित्रांनो. म्हणजे संगणकाला एकामागून एक कामं सांगणारी वीसेक ओळींची फाईल. सध्या मुक्काम कचरापेटीत.

माझा जन्म एका फोटो स्टुडिओतला. फोटोग्राफर दादाला एक खोड होती. तो फोल्डरच्या पोटात फोल्डर करायचा आणि प्रत्येकात फोटोंचे नंबर पुन्हा एकपासून सुरू करायचा. एखादा फोटो शोधायचा म्हणजे डोक्याला ताप. म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीने मला लिहिलं. मी सगळे फोटो एकाच मोठ्या फोल्डरमध्ये आणायचे आणि प्रत्येकाच्या नावाआधी त्याच्या फोल्डरचं नाव लावायचे. त्याच नावाचा फोटो तिथे आधीच असला, तर थांबून विचारायचे, ‘जुना पुसू का?’ ती म्हणायची, “गुणाची पोर आहे माझी.” मी हुरळून जायचे.

एकदा दादा म्हणाला, “अगं, ही नावं आहेत की मालगाड्या? नुसते नंबर ठेव.”

तिने फोल्डरचं नाव लावणारी ओळ काढली. मग काय, प्रत्येक फोल्डरमधून तेच ते नंबर! मी दर फोटोला थांबून विचारू लागले.

“किती कटकट करते ही,” म्हणत तिने विचारणारी ओळही काढली. सांगितलेलं करणं मला भाग होतं. एका फोटोवर दुसरा बसत गेला आणि खालचा पुसला गेला. त्यात ‘बाबा’ नावाच्या फोल्डरमधला एकुलता एक फोटोही होता. त्यांचे वडील स्टुडिओच्या दारात हसत उभे होते. आता वडील नाहीत, आणि त्या फोटोची दुसरी प्रतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोटो पाहायला दादाने एक नंबरचा फोटो उघडला. समोर टाय लावलेला कुणी अनोळखी माणूस.

“बाबा कुठे गेले?”

ती रडतच म्हणाली, “स्क्रिप्ट जुनी झालीय, दादा. तिनेच घोळ घातला.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. परक्याने म्हटलं असतं तर सोसलं असतं. पण जिने मला घडवलं, तिनेच मला पुढे केलं, याचं फार वाईट वाटतं.

दादाने तिच्या पाठीवर हात ठेवला. “रडू नकोस. तुझी काय चूक?” तिने मान खाली घातली आणि मला कचरापेटीत टाकलं.

मित्रांनो, घाईत अडवणाऱ्या साधनावर रागावू नका, ते तुमच्याच भल्यासाठी थांबतं. आणि हातून चूक झालीच, तर तोंडाने कबूल करा. दादाने तिला माफ केलं असतं. आता तो तिला कधी काही विचारणारही नाही, कारण त्याचा तिच्यावर विश्वास आहे.