आधी खुर्चीत कोण?

समजा, तुम्ही दातांच्या दवाखान्यात बसला आहात. दाराआडून बारीक घर्रर्र ऐकू येतंय. शेजारी गाल फुग्याएवढा झालेला तुमचा धाकटा भाऊ बसलाय, आणि त्याने तोंडाला जणू कुलूप घातलंय.

आपल्या गोष्टीतली ताई अशीच बसली होती. मांडीवर इंग्रजीचं पुस्तक होतं. उद्या वर्गात ‘सिंपथेटिक’ हा शब्द वाक्यात वापरून दाखवायचा होता. अर्थ तिला तोंडपाठ होता: दुसऱ्याचं दुःख समजून घेणारा.

आईसोबत आत गेल्यावर खुर्ची दिसली मात्र, धाकटा तिला चिकटला.

“आज दात काढला नाही, तर रात्री पुन्हा ठणकेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण मी जबरदस्ती करत नाही.”

ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “घाबरू नको रे. मी किती सिंपथेटिक आहे.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तुझं दुखणं मला कळतं.”

“काही कळत नाही. तुझा गाल कुठे सुजलाय?”

आईला हसू आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बरोबर बोलतोय तो. ताई, हा शब्द स्वतःला लावायचा नसतो गं. समोरच्याला वाटलं, तर तो लावतो.”

“मग मी काय करू?”

“आमच्याकडे एक रीत आहे. कुणी घाबरलं, की सोबत आलेलं माणूस आधी खुर्चीत बसतं.”

ताईने एकदा खुर्चीकडे, एकदा दाराकडे पाहिलं. तरी ती चढून बसली. “मलाही भीती वाटतेय रे,” ती हळूच म्हणाली आणि तिने आ केला.

धाकटा जवळ आला, टाचा उंचावून आत डोकावला. “ताई, तुझी एक दाढ काळी आहे.” ताईने पटकन तोंड मिटलं.

“चल, उतर आता,” तो म्हणाला, आणि आपणहून खुर्चीत चढला.

दात सुन्न केला, काढला. त्याला कळलंसुद्धा नाही. बाहेर येताना आईने केवढा तरी सुस्कारा सोडला. धाकट्याने कापसाचा बोळा दातांत धरूनच ताईकडे बोट दाखवलं. “ही ना, ते सिंप… काय ते, तशी आहे.”

ताईला उद्याचं वाक्य मिळालं होतं. तिने पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि पुन्हा दार ढकललं.

“डॉक्टर, माझी ती काळी दाढ बघता का?”