हौश्याचं शिंग

पाठीची रेघ तेवढी राहिली होती. मानेपासून निघायचं, वशिंडावर चढायचं, तिथून उतरून शेपटीच्या मुळाशी थांबायचं. एका दमात. मध्येच हात उचलला तर शाईचा सांधा दिसतो आणि जनावराचं हाड मोडल्यासारखं वाटतं.

वनमालाबाईंनी टाक दौतीत बुडवला, काठाला निब निपटली आणि हात कागदावर आणला. निबेचं टोक थरथरत होतं. त्यांनी हात मागे घेतला. उठून पंखा बंद केला, जणू वाऱ्याचाच दोष होता. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या, खिडकीचा पडदा सरकवला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायल्या, आणि परत आल्या तेव्हा निबेवरची शाई वाळून गेली होती. त्यांनी टाक पुसून ठेवला आणि टॅब जवळ ओढला.

वर्षभर हे असंच चाललं होतं. बारीक काम अजून जमायचं. अंगावरचे केस, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या, नाकपुडीची ओल. मनगट टेबलावर टेकवून एकेक तुटक रेघ मारत गेलं की थरथर कुणाला दिसत नाही. लांब रेघ मात्र खांद्यातून यावी लागते, आणि खांद्यापासून खालचा हात आता त्यांचं ऐकत नव्हता. म्हणून पाठ, पोट आणि शिंगं कागदावर त्या कोरीच सोडायच्या. मग मोबाईलवर कागदाचा फोटो काढायचा, तो टॅबवर घ्यायचा, राहिलेल्या रेघा टॅबच्या काचेवर ओढायच्या आणि वर रंग भरायचा. टॅबमध्ये एक सोय होती. हात कितीही हलला तरी रेघ गुळगुळीतच उमटायची. पुण्याच्या भाचीनं, चैतालीनं, ती दाखवली होती. मावशी ती कशासाठी वापरते हे मात्र तिला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

केजच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. बाईंनी फळ्यावर म्हैस काढली की वर्गात शेणाचा वास येतो, असं पोरं म्हणायची. खडू एकदा टेकला की शिंगापासून शेपटीपर्यंत उचलायचा नाही, आणि त्या वेळी दंगेखोर पोरंसुद्धा श्वास धरून बसायची. जनावरांच्या दवाखान्यातला गायीच्या अवयवांचा तक्ता त्यांच्याच हातचा. पुढे छापील तक्ते आले, तरी तिथल्या जुन्या कंपाउंडरनं बाईंचा तक्ता बरीच वर्षं उतरवू दिला नव्हता. ते दिवस आठवले की वनमालाबाईंना बसवत नसे. त्या उठून घरभर फिरायच्या, भिंतीवरची सरळच असलेली फ्रेम उगाच सरळ करायच्या.

या बैलाच्या चित्रावर त्यांनी मनाशी एक पैज लावली होती. हे जमलं नाही तर टाक आणि दौत पेटीत घालायची, आणि कुणी विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगायचं.

पंधरा दिवसांपूर्वी रविराज आला होता. युसूफ वडगावचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी मागच्या बाकावर बसायचा. आता त्याचीच पोरं शाळेत जात होती, तरी बाईंच्या दारात चपला काढून तो उभाच राहिला.

"बाई, आमचा हौश्या गेला."

"कोण रे हौश्या?"

"बैल. आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलता. म्हातारा झालता, गेला. पन आई तवापून धड जेवंना. म्हनती, पोळ्याला एकट्या नंद्याला मी ओवाळणार न्हाई. जोडीनं आले तर ताट काढीन."

"मग मी त्यात काय करू?"

"चित्र काढा. चांगलं मोठं. नंद्याच्या शेजारी भितीला लावतो. जोडी झाली का न्हाई?"

त्यानं मोबाईल पुढे केला. वनमालाबाईंनी चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"हा फोटो ट्रॅक्टरचा आहे."

"ट्रॅक्टर नवा आनला तवाचा हाय. हौश्या मागं हाय बघा."

"आणि बैलाचा?"

रविराज मान खाजवत राहिला. "बैलाचा कोन काढतो बाई. रोजच दिसायचा."

ट्रॅक्टरच्या मागे तांबडा बैल उजवी कूस दाखवत उभा होता. मागच्या पुठ्ठ्यावर डागणीची जुनी खूण होती. फोटो मोठा केला की सगळं फाटत जायचं. उजव्या शिंगाच्या मध्यावर कडेला गचका बसल्यासारखा दिसत होता. फोटो हलला असेल, असं वनमालाबाईंना वाटलं. डोळा मात्र स्वच्छ आला होता, आणि त्या डोळ्यावर त्यांनी चार दिवस घालवले.

आता टॅबवर पाठ ओढली. पोट ओढलं. दोन्ही शिंगं ओढली. रेघ अशी आली की तीस वर्षांपूर्वीच्या वनमालाबाईंनी मान डोलावली असती. त्यांना त्या रेघेकडे बघवेना. घाईघाईनं तांबडा रंग भरला, खुरांशी सावली टाकली.

पूर्वी चित्र पुरं झालं की त्या कागद आरशासमोर धरायच्या. नजरेला सरावलेली चूक उलट्या चित्रात लगेच उघडी पडते. टॅबवर त्यासाठी एक बटण होतं. ते दाबलं तसा बैल तोंड फिरवून उभा राहिला, आणि पोट जरा जड झाल्याचं दिसलं. त्या ते कमी करत होत्या तेवढ्यात चैतालीचा फोन आला.

"मावशी, झालं? पाठव ना."

त्यांनी पाठवलं. चैताली पुण्यात मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. तिचा शब्द वनमालाबाई मानायच्या.

"काय रेघ आहे गं तुझी मावशी. आमच्या ऑफिसातली पोरं रेघ ओढतात ती गांडुळासारखी. त्यांना दाखवते, बघा म्हणावं, सहासष्टाव्या वर्षी."

"दाखव की."

"हात कसा काय इतका स्थिर ठेवतेस?"

"सवय," वनमालाबाई म्हणाल्या, आणि दुधाचं निमित्त सांगून फोन ठेवला. दूध सकाळीच तापवून झालं होतं. त्यांनी समोर होतं ते चित्र तसंच, रविराजनं छापायला सांगून ठेवलेल्या स्टुडिओवाल्याला पाठवून दिलं आणि टॅब पालथा ठेवला.

पोळा दोन दिवसांवर आला तेव्हा रविराज काच लावलेली फ्रेम घेऊन आला. बाईंनीच यावं असा त्याचा हट्ट. वनमालाबाईंनी हो-नाही करत कागदावरचं मूळ चित्र, दौत, टाक आणि टॅब पिशवीत घातला. हे सगळं बरोबर कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हल्ली सामान नजरेआड ठेवून त्यांना चैन पडत नसे. मोटारसायकलवर त्या पिशवी पोटाशी धरून बसल्या.

गोठ्यापुढच्या अंगणात रविराजची आई, केसरबाई, नंद्याच्या अंगावरून ओला कपडा फिरवत होत्या. लहानशी, वाळलेली बाई. बाज दाखवून म्हणाल्या, "बसा बाई. रव्या, पानी आन."

रविराजनं आधी फ्रेम उघडली आणि भिंतीला टेकवली.

केसरबाई कपडा हातात धरून बघत राहिल्या. जवळ गेल्या. मागे सरल्या.

"लई देखना हाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कुनाचा हाय?"

वनमालाबाई बाजेवरून उठून फ्रेमजवळ आल्या.

"आई, कुनाचा म्हंजे? हौश्या हाय तो," रविराज म्हणाला.

"हौश्याला मी वळखत न्हाई व्हय? डाग बघ कुठं हाय. डाव्या पुठ्ठ्यावर. पोट फुगलं तवा त्याला डागलता उजवीकडं, मीच धरलता. आन तो उजव्या अंगाचा बैल. नंद्या डावीकडं, हा उजवीकडं. जल्मभर तसा चालला. मेल्यावर बाजू कावून बदलंल?"

वनमालाबाईंना एकदम उमगलं. तपासायला म्हणून त्यांनी चित्र उलटं केलं होतं, फोन आला, आणि सुलटं करायचं राहून गेलं होतं. बत्तीस वर्षांत आरशातलं चित्र त्यांनी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. आरशातलं काढून कुणाला देता येत नव्हतं, एवढंच.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. पिशवीतून टॅब काढला, बटण दाबलं. बैल पुन्हा तोंड फिरवून उजवी कूस दाखवत उभा राहिला.

रविराज हसू दाबत होता. "बाई, मी कोंबडा उलट्या तोंडाचा काढलता तर तुमी माझा कान धरलता."

"तू त्याला चार पायही काढले होतेस."

तो मोकळा हसला. "झालं मग. स्टुडिओवाल्याकून उद्या दुसरं काढून आनतो. आई, बघ आता."

केसरबाईंनी टॅब दोन्ही हातांत धरला, परात धरतात तसा. बराच वेळ बघितलं. "आता बाजू बरुबर हाय. डोळाबी त्याचाच हाय. कुठून आनला बाई तुमी हा डोळा?" आणि मग आवाज खाली गेला. "पन शिंग न्हाई त्याचं."

"काय झालं शिंगाला?" वनमालाबाईंनी विचारलं.

"लई गुळगुळीत हाय. त्याचं उजवं शिंग मधी खचलेलं. गोऱ्हा हुता तवा गव्हाणीत अडकून सोललं, रगात आलं. मग तितं गाठ धरून वाढलं. वाकडंच हुतं. बाजारात नेला तर कुनी घेतला नसता."

"आई, पोळ्याला येनारांना काय कळतंय," रविराज म्हणाला.

"लोकांसाठी काढलंय व्हय?"

नंद्यानं शेपटी झटकली.

फोटोतला गचका म्हणजे हीच गाठ. त्यांनी काढली असती तरी टॅबनं ती पुसून टाकली असती. त्यांच्या हाताची थरथर आणि बैलाच्या शिंगाची गाठ यांतला फरक त्या यंत्राला कळत नव्हता, ते दोन्ही सारखंच गुळगुळीत करत होतं. ती सोय बंद करता येत होती. बंद केली की मागे उरत होता त्यांचा हात.

वनमालाबाई बाजेवरून उठल्या, दोन पावलं चालल्या, परत येऊन बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग केसरबाईंकडून टॅब मांडीवर घेतला, पिशवीतून मूळ कागद काढला आणि त्यावर पसरला. डोळा होता, नाकपुडी होती, अंगावरचे केस होते. पाठ नव्हती, पोट नव्हतं, शिंगं नव्हती.

रविराज वाकून बघू लागला. "बाई, हे अर्धंच कावून हाय?"

"माझा हात हलतो, रविराज. लांब रेघ येत नाही. वर्ष झालं. त्या चित्रातली रेघ माझी नाही, टॅबची आहे."

बोलून झाल्यावर त्यांनी मान वर केली नाही. रविराज पाणी आणायच्या निमित्तानं आत गेला.

केसरबाई गुडघ्यावर हात दाबत त्यांच्या शेजारी बाजेवर टेकल्या. "माजे गुडघे हालंनात आन तुमचा हात थांबंना," त्या म्हणाल्या. "काढा."

"बिघडेल."

"बिघडंल तर बिघडंल. तुमाला शिंग मी सांगते."

वनमालाबाईंनी दौत उघडली. निब कागदाला टेकली आणि लगेच थरथरली. या वेळी त्यांनी हात उचलला नाही.

"बुडाला जाड हुतं. अजून जाड. हां. तितं वळ्या हुत्या, एकावर एक." वनमालाबाईंचा हात हलत हलत वर सरकत होता. "आता बाहीर जाऊ द्या. थांबा, थांबा. हितं आत घ्या. हितं खचलं. आता गाठ. मोठी न्हाई, लिंबोळीएवढी. झालं. आता टोक वर."

शिंग झालं. फळ्यावरच्या शिंगासारखं ते नव्हतं. मग दुसरं. मग कुणी न सांगता त्यांनी टाक पुन्हा बुडवला आणि मानेपासून पाठ धरली. वशिंडावर दम गेला, हात उचलावा लागला, आणि तिथं सांधा पडला. तो त्यांनी लपवला नाही. तसंच पुढे उतरून शेपटीच्या मुळाशी आल्या आणि टाक खाली ठेवला. कपाळावरून घाम ओघळत होता. हात अजून हलत होता, आणि दुसऱ्या हातानं तो झाकायचं त्यांना सुचलं नाही.

केसरबाईंनी कागद आपल्याकडे वळवला. त्यांनी उजव्या हाताचं बोट उचललं आणि शिंगाच्या बुडापासून अलगद वर नेऊ लागल्या.

शाई ओली होती. वनमालाबाई ते सांगायला तोंड उघडत होत्या. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

बोट गाठीपर्यंत गेलं आणि तिथं थांबलं.